सुलक्षा वेळीप हिला, अर्ज भरण्याआधी

काल तू आलीस तेव्हा मी
गुळ्याच्या एका म्हातारीचा कान धूत होते,
बोलणं राहिलं.
आज लिहिते. चावडीवर वीज गेलीय,
बाकावर पेशंट दोनच, दोघांनाही घाई नाही.

आधी कागद बघ, बाये.
दाखल्यावर तुझ्या आडनावात एक एल आहे,
पासपोर्टवर दोन.
इथे काणकोणात तुला बापाच्या चालीवरून ओळखतात,
तिथला संगणक चाल बघत नाही.

वर्गातल्या त्या मडगावच्या आल्वितोचं
मनाला लावून घेऊ नकोस.
त्याच्या आजोबांचा जन्म लिस्बनच्या वहीत आहे,
त्याला एक जादा दार आहे, असू दे.
तुझा आजा खोतिगावच्या रानात जन्मला,
साक्षीला एक सुईण आणि कुमेरीचा धूर.
धुराची नोंद कोण ठेवतं?

परीक्षा तू पास होशील.
परीक्षा पुष्कळ जण पास होतात.
नोकरीही मिळेल, पहिल्याच हिवाळ्यात,
कुठल्या तरी उत्तरेकडच्या गावात, जिथे
समुद्र असतो पण त्याला सुक्या बांगड्याचा वास नसतो.
तिथेच सावध राहा.
कंत्राट हातात आलं की बोट ठेवून वाच,
'प्रशिक्षण' हा शब्द कुठे आहे ते शोध.
माझ्या कंत्राटात तो नव्हता.
अकरा वर्षं मी रजेवर गेलेल्यांच्या जागी उभी राहिले.
एका मुलाला मी कण्यात सुई कशी सरकवायची ते शिकवलं,
माझा हात त्याच्या हातावर.
चार वर्षांनी तो माझा वरिष्ठ झाला.
चांगला होता गो. नाताळात वाइन द्यायचा.

नियम दर वर्षी बदलतात,
मी सांगते ते तू पोहोचेपर्यंत शिळं होईल.
पण अर्जात एक चौकोन असेलच:
तुमच्या हातून झालेली चूक, आणि
ती तुम्हाला काय शिकवून गेली. तीनशे शब्द.

मी एका चुकलेल्या डोसबद्दल लिहिलं,
वेळेत लक्षात आला, कुणाला काही झालं नाही,
नंतर आम्ही तक्ता बदलला, वगैरे.
दहापैकी सात.

गावडोंगरीचा मुलगा मी लिहिला नाही.
इंटर्नशिप, केंद्रावर मी एकटी, रात्रीचे तीन.
पोट दुखतं म्हणाला, नऊ वर्षांचा.
अंगावर कुठे खूण नव्हती.
मी पातळ औषध दिलं, बाकावर निजवलं.
जमिनीवर झोपला होतास का, हे विचारलं नाही.
पापण्या उतरू लागल्या तेव्हा
मला वाटलं, बरं झालं, झोप लागतेय.
मण्यार होती.
त्याची आई सकाळी मला चहा विचारत होती.

ही शाखा का निवडली, असं मुलाखतीत विचारतात.
थांबलेला श्वास हातात घेता यावा म्हणून
मी भूल शिकायला निघाले होते.
मी म्हटलं, शरीरक्रियाशास्त्राची आवड.
दोघांनी मान हलवली, तिसऱ्याने घड्याळ पाहिलं.

त्या चौकोनात तू काय लिहावंस
ते मी सांगणार नाही.
मला खरंच माहीत नाही.
सात गुण पुरले नाहीत एवढं माहीत आहे,
आणि दहा मिळाले असते तर
त्या मुलाचे मिळाले असते, हेही.

वीज आली. पंखा करकरतोय.
शिफारसपत्र मी देईन, तूच लिहून आण,
सगळे तसंच करतात.
फक्त त्यात 'कष्टाळू' लिहू नकोस,
ज्याच्याबद्दल दुसरं काही सुचत नाही
त्याला तिथे कष्टाळू म्हणतात.
लोकरी मोजे इथून नेऊ नकोस, ओले राहतात.
आणि शनिवारपर्यंत ठरव,
वेळीपमध्ये एल किती.